‘जीन मशीन’ : एका शोधाचे आत्मचरित्र

बडोद्याच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरवर वाघोडिया हे तालुक्याचे गाव आहे. गायकवाडी अमलातही ते तालुक्याचेच ठिकाण होते. आज त्याच्या आसमंतात मोठी औद्योगिक वसाहत आहे, लिमडा व पिपरिया येथे विद्यापीठे उभी राहिली आहेत, आणि नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही तेथे आढळतात. मध्यंतरी या गावी काही शिक्षकमित्रांच्या सहवासात एक संध्याकाळ घालविण्याचा योग आला असता बोलणे सहजच वेंकटरामन रामकृष्णन यांच्या ‘जीन मशीन’ या इंग्रजी पुस्तकाकडे वळले. आम्ही त्या पुस्तकाची थोडी वाङ्मयीन अंगाने चर्चा करू लागताच विज्ञान शिकविणारे एक गृहस्थ हसून म्हणाले, “पुस्तक उत्तम आहे खरे, पण ते आमचे. तुम्हां साहित्यवाल्यांचे त्यात काय आहे?” प्रश्न थट्टेचा होता, तरी त्याचे नीट उत्तर त्या संध्याकाळी आम्हांस देता आले नाही. प्रस्तुत लेखात ते देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

रामकृष्णन यांचा जन्म 1952 साली तामिळनाडूत चिदंबरम येथे झाला. तिसऱ्या वर्षीच ते बडोद्यास आले. वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनाचे प्राध्यापक. आई राजलक्ष्मी यांचे शिक्षण मानसशास्त्राचे, पण पुढे त्यांनीही आहार व पोषण या विषयांत संशोधन केले. मुलास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असता शिष्यवृत्तीच्या बळावर त्याने पदार्थविज्ञान निवडले, आणि 1971 साली पदवी घेऊन अमेरिकेस प्रयाण केले. 2009 साली टॉमस स्टाइट्स व आदा योनाथ यांच्यासमवेत त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 2015 ते 2020 या काळात ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. ‘जीन मशीन’ 2018 साली प्रसिद्ध झाले.

पारितोषिकाची वार्ता येताच भारतातून अनोळखी माणसांच्या पत्रांचा जो लोंढा लोटला त्याविषयी रामकृष्णन यांनी जाहीर नाराजी दर्शविली होती, आणि माणूस कोणत्या देशात जन्मला या योगायोगास फार महत्त्व देऊ नये असेही सुचविले होते. तेव्हा ‘बडोद्याचे सुपुत्र’ म्हणून त्यांना हारतुरे अर्पण करण्याचा आमचा उद्देश नाही. आमचा उद्देश त्यांचे पुस्तक वाचण्याचा आहे. आणि ग्रंथकाराचा खरा सन्मान त्याचा ग्रंथ चिकित्सकपणे वाचण्यातच होतो, अशी आमची समजूत आहे.

प्रथम विषयाची ओळख करून घेऊ. सजीवाच्या पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. अन्न पचविणारी, रासायनिक क्रिया घडवून आणणारी एंझाइमे, ज्यांना मराठीत ‘विकर’ असेही म्हणतात, ती जवळजवळ सर्व प्रथिनेच होत. ही प्रथिने घडवावी कशी याचा मजकूर जनुकांत लिहिलेला असतो. परंतु तो चार अक्षरांच्या लिपीत असतो, तर प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत उतरविण्याचे काम पेशीतील ज्या कणाकडे असते त्याचे नाव रायबोसोम. त्याचे दोन खंड असतात, एक लहान व एक मोठा. लहान खंड मजकूर वाचतो आणि मोठा खंड अमिनो आम्लांची साखळी गुंफतो. रामकृष्णन यांच्या चमूने 2000 साली जिवाणूच्या लहान खंडाची अणूंपर्यंतची रचना प्रसिद्ध केली. तिचा तपशील सुमारे तीन अँगस्ट्रॉमपर्यंतचा होता. आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश.

हा कण डोळ्यांनी दिसत नाही. सामान्य सूक्ष्मदर्शकानेही त्याचे अणू दिसत नाहीत. त्याचे स्फटिक करावे लागतात, त्यांवर क्ष-किरण सोडावे लागतात, आणि विखुरलेल्या किरणांनी उमटविलेल्या हजारो ठिपक्यांवरून गणिताने मूळ आकृती शोधावी लागते. त्यातही अडचण अशी की, ठिपक्यावरून लहरीचा जोर कळतो, पण ती लहर कोणत्या टप्प्यावर येऊन पोचली हे कळत नाही. दिंडीतला प्रत्येक टाळ किती जोराने वाजला हे सांगावे, पण केव्हा वाजला हे सांगू नये, आणि एवढ्यावरून अभंगाची चाल ओळखण्यास सांगावे, तसे हे आहे. स्फटिकांत जड धातूंचे अणू बसवून ही अडचण दूर करता येते. पण रायबोसोमसारख्या अवाढव्य कणाच्या बाबतीत ते साधेल अशी आशा अनेक वर्षे फार थोड्यांनाच होती.

आता पुस्तकाच्या वाङ्मयीन स्वरूपाकडे वळू. ‘जीन मशीन’ला आत्मचरित्र म्हणावे काय? मराठी वाचकास आत्मचरित्र म्हणजे काय हे सांगावयास नको. धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’पासून, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’पासून आपल्याकडे या वाङ्मयप्रकाराची जी परंपरा आहे तिचा केंद्रबिंदू जगलेले आयुष्य हा आहे: घर, नातीगोती, सुखदुःखे, समाजाशी झालेला संघर्ष. शास्त्रज्ञाने मराठीत लिहिलेले आत्मचरित्रही आपल्याजवळ आहे. जयंत नारळीकर यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या ग्रंथास 2014 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. वाराणसी, केंब्रिज, मुंबई व पुणे या चार नगरांच्या आधाराने नारळीकरांनी आपले जीवन मांडले आहे. त्यात माणसे आहेत, संस्था आहेत, प्रवास आहेत, आणि त्यांच्या ओघात विज्ञानही आहे. रामकृष्णन यांच्या पुस्तकात हे प्रमाण उलटे आहे. त्यांच्या कथेचा नायक लेखक नाही. नायक एक प्रश्न आहे. या प्रश्नाशी लेखकाची गाठ पडण्यापूर्वीचे आयुष्य त्यांनी थोडक्या पानांत आटोपले आहे. म्हणून हे माणसाचे आत्मचरित्र नसून एका शोधाचे आत्मचरित्र आहे, असे आम्ही म्हणतो.

अशा लेखनाचा आद्य आदर्श म्हणजे जेम्स वॉटसन यांचे 1968 चे ‘द डबल हेलिक्स’. शोधाची कथा शर्यतीच्या रूपाने सांगण्याची रीत त्या पुस्तकाने रूढ केली. ‘जीन मशीन’च्या उपशीर्षकातच शर्यत हा शब्द आहे, आणि पुस्तकाचा उत्तरार्ध त्याच सूत्रावर रचलेला आहे. एका बाजूस येल येथील स्टाइट्स व पीटर मूर मोठ्या खंडामागे लागले आहेत; योनाथ यांनी 1980 सालापासून या स्फटिकांसाठी आपली हयात वेचली आहे; कॅलिफोर्नियात हॅरी नॉलर संपूर्ण रायबोसोमचाच ध्यास घेऊन बसले आहेत; आणि युटा येथे रामकृष्णन यांचा लहानसा चमू धास्तावलेल्या मनाने काम करीत आहे. 1999 च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधील परिषदेत हे सर्व एकत्र येतात, तेथपर्यंत वाचकाची उत्कंठा लेखकाने उत्तम रीतीने वाढवीत नेली आहे.

परंतु येथेच आमच्या मनात एक शंका उभी राहते. शर्यत हे रूप या विषयास खरोखर मानवते काय? शर्यतीत मार्ग आखलेला असतो, अंतर ठाऊक असते, आणि प्रश्न फक्त वेगाचा असतो. रामकृष्णन यांच्या आयुष्याकडे पाहिले तर यांपैकी एकही गोष्ट तेथे आढळत नाही. 1976 साली ओहायो विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट हाती आली, आणि या विषयात आपले मन रमत नाही असे या तरुणास उमगले. त्याने काय करावे? पदवी गुंडाळून ठेवून तो सॅन दिएगो येथे जीवशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला. येल येथे मूर यांच्या हाताखाली न्यूट्रॉनांच्या साहाय्याने रायबोसोमचा अभ्यास केला. पण त्यानंतर सुमारे पन्नास विद्यापीठांकडे अर्ज करूनही अध्यापकाची जागा मिळाली नाही. राष्ट्रीय प्रयोगशाळांत वर्षे काढली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, 1991 साली, आपले तंत्र या प्रश्नास अपुरे आहे हे ओळखून त्याने केंब्रिज येथे वर्षभर मुक्काम केला आणि स्फटिकविज्ञान मुळापासून शिकून घेतले. 1999 मध्ये तर कमी वेतन पत्करून तो त्याच प्रयोगशाळेत कायमचा गेला. हा शर्यतीतल्या धावपटूचा मार्ग नव्हे. हा वारंवार पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा गिरविणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्ग आहे.

आमच्या मते या ग्रंथाचे खरे मोल येथे आहे. शर्यतीची कथा वाचकास ओढून नेते. पण वाचून संपल्यावर मनात राहतात ती पाने वेगळीच असतात. ज्यास सिद्धान्त येतो पण साधी प्रयोगशाळेतील कामे येत नाहीत अशा माणसाचे अवघडलेपण, स्फटिक मिळूनही ते पुरेसे चांगले नसल्याची खंत, आपल्याहून वयाने लहान माणसांकडून शिकताना वाटलेला आनंद, ही ती पाने होत. शिक्षकांनी हे पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे ते या पानांसाठी. आपल्याकडे शास्त्रज्ञांची चरित्रे लिहिताना बालपणीच बुद्धीची चमक दिसली, असे सांगण्याची चाल आहे. येथे एक मनुष्य स्वतःच सांगतो की, नामांकित संस्थांच्या प्रवेशपरीक्षांत आपण उतरलो नाही, पहिला विषय चुकला, नोकरी मिळेना; आणि हे तो करुणेची याचना न करता, किंचित विनोदाने सांगतो. नोबेलची वार्ता सांगणारा दूरध्वनी आला त्या सकाळी सायकलचे चाक पंक्चर झाल्याने त्यांना उशीर झाला होता व मन चिडलेले होते. कोणी मित्र थट्टा करीत आहे असे समजून त्यांनी पलीकडील गृहस्थांच्या स्वीडिश उच्चारांची तारीफ केली! असे प्रसंग सांगण्यात आत्मगौरव नाही, आणि कृत्रिम नम्रताही नाही.

प्रांजलपणाची दुसरी बाजू अधिक कठीण आहे, आणि तीही लेखकाने टाळलेली नाही. श्रेयाची ओढ, प्रतिस्पर्ध्याच्या यशाने होणारी तगमग, पारितोषिकांच्या मोसमात शास्त्रज्ञांच्या वर्तनात पडणारा फरक, हे सर्व त्यांनी उघड सांगितले आहे. पारितोषिकांनी विज्ञानाचे हितच होते असे नाही, हे मत पारितोषिक मिळालेल्या माणसाने मांडावे यात थोडा विरोध आहे. पण तो विरोध त्यांना दिसतो, आणि त्यातून ते आपली सुटका करून घेत नाहीत.

तरीही काही उणिवा दाखविणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. पहिली उणीव शर्यतीच्या रूपातूनच उद्भवते. शर्यत म्हटली की इतर माणसे प्रतिस्पर्धी होतात, आणि प्रतिस्पर्धी म्हणून रंगविलेला मनुष्य पूर्ण माणूस म्हणून उभा राहत नाही. वॉटसन यांच्या पुस्तकात रोझालिंड फ्रँकलिन यांच्यावर झालेला अन्याय सर्वश्रुत आहे. रामकृष्णन त्या पातळीवर उतरत नाहीत. योनाथ यांच्या आरंभीच्या चिकाटीचे, अतिशीत तापमानात स्फटिक टिकविण्याच्या त्यांच्या कामाचे श्रेय ते देतात. परंतु जो स्फटिक होणारच नाही असे बहुतेकांस वाटत होते त्यामागे दोन दशके एकट्या श्रद्धेने लागणे ही केवढी थोर कथा आहे! ती येथे डावीकडच्या समासात राहिली आहे. ती त्या बाईंनीच लिहावयास हवी, असे उत्तर कोणी देईल. ते खरेही आहे. पण आत्मचरित्रकारास दुसऱ्याच्या बाजूने क्षणभर उभे राहता आले पाहिजे, ही अपेक्षा आम्ही सोडू इच्छीत नाही.

दुसरी उणीव विचाराच्या मांडणीत आहे. 1926 साली जेम्स समनर यांनी युरीएज या एंझाइमचे स्फटिक केले आणि एंझाइम हे प्रथिन असते असे दाखविले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ एंझाइम म्हणजे प्रथिन हे समीकरण वज्रलेप मानले गेले. 1980 नंतर काही आरएनए रेणूही एंझाइमाचे काम करतात असे दिसून आले. आणि 2000 साली स्टाइट्स व मूर यांनी रायबोसोमच्या मोठ्या खंडाची रचना मांडली तेव्हा असे आढळले की, जेथे प्रथिनांची साखळी गुंफली जाते त्या गाभ्यात प्रथिनाचा हात नसून ते काम आरएनएच करतो. म्हणजे जगातील सर्व प्रथिने घडविणारा कारागीर स्वतः मुळात प्रथिन नाही! ज्या स्टाइट्स यांची हयात प्रथिनरूप एंझाइमांच्या रचना उकलण्यात गेली त्यांच्याच हातून हे सिद्ध व्हावे, यात केवढे नाट्य आहे. जीवसृष्टीच्या आरंभी प्रथिनांपूर्वी आरएनए होता, या तर्कास त्यामुळे मोठे बळ मिळाले. पुस्तकात हे सर्व आहे. परंतु कोण आधी पोचला या नाट्यापुढे विचाराचे हे नाट्य काहीसे फिके पडले आहे. माणसांच्या चढाओढीपेक्षा कल्पनांची उलथापालथ अधिक रोमांचकारी असते, हे लेखकास ठाऊक आहे. वाचकास ते ठाऊक असेल याचा त्यांना भरवसा वाटलेला नाही.

तिसरा मुद्दा शीर्षकाचा. रायबोसोम हे यंत्र आहे हे रूपक सोयीचे आहे, कारण त्याचे भाग हलतात, फिरतात, एका क्रमाने काम करतात. पण शास्त्रज्ञ स्वतः या क्रियेला जे नाव देतात ते ‘भाषांतर’ असे आहे, आणि आम्हां साहित्याच्या उपासकांना तेच अधिक अर्थपूर्ण वाटते. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, अशा चौसष्ट शब्दांतून हा भाषांतरकार वीस अमिनो आम्लांचा आणि विरामाचा अर्थ लावतो. रामकृष्णन यांच्या चमूने लहान खंडाच्या रचनेतून त्याची शब्दपरीक्षेची पद्धत उघड केली. प्रत्येक शब्दाची पहिली दोन अक्षरे जुळली की नाहीत हे तो त्यांच्या जोडीचा आकार जणू चाचपून काटेकोरपणे पाहतो. तिसऱ्या अक्षराच्या बाबतीत मात्र सवलत देतो. फ्रान्सिस क्रिक यांनी 1966 साली तर्काने जी ढिलाई सुचविली होती तिचे कारण असे डोळ्यांपुढे आले. कोठे ताठर राहावे आणि कोठे सैल सोडावे याचा हा विवेक ज्याने कधी भाषांतर केले आहे त्यास तत्काळ ओळखू येईल. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनसारखे औषध याच लहान खंडास जखडून जंतूच्या भाषांतरात चुका घडवून आणते, हेही त्या रचनेतून स्पष्ट झाले. यंत्र म्हटले की कौतुक वाटते. भाषांतर म्हटले की आपलेपणा वाटतो. लेखकाने दुसऱ्या रूपकास अधिक वाव दिला असता तर ग्रंथाची वाङ्मयीन खोली वाढली असती.

येथे आम्ही पुन्हा बडोद्याकडे येतो, कारण भाषांतराचा प्रश्न या नगरास नवा नाही. सयाजीराव महाराजांनी 1906 साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, फिरत्या वाचनालयांच्या पेट्या खेड्यापाड्यांत पोचविल्या, आणि श्रीसयाजी साहित्यमालेतून मराठी व गुजराती भाषांत नाना शास्त्रांवरील पुस्तके काढविली. 1909 साली बडोद्यास मराठी साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर हे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. औषधी वनस्पतींचा अभ्यासक साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसतो यात त्या पिढीस काही विपरीत वाटले नाही. विज्ञान तुमचे आणि साहित्य आमचे, अशी वाटणी पुढे केव्हातरी आपणच करून घेतली.

या वाटणीचे परिणाम आज दिसत आहेत. प्रथिनांच्या रचनेचे शास्त्र मराठी माणसास परके नाही. नागपूरचे शेखर मांडे यांनी क्षयजंतूंच्या प्रथिनांच्या रचना उलगडल्या, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे संचालकपद भूषविले, आणि 2018 ते 2022 या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची धुरा वाहिली. प्रयोगशाळांत मराठी बोलणारी माणसे आहेत. पण प्रयोगशाळेतील दिवस कसा जातो, चुकलेल्या प्रयोगानंतर रात्र कशी जाते, हे सांगणारे मराठी गद्य विरळा आहे. पारिभाषिक शब्द नाहीत ही सबब आम्हांस मान्य नाही. ‘विकर’ म्हणावे की ‘एंझाइम’ हा वाद खुशाल चालू राहो; अनुभव सांगण्यासाठी लागणारे शब्द, म्हणजे धीर, हुरहुर, चूक, पुन्हा, हे मराठीत पूर्वीपासूनच आहेत. उणीव आहे ती असे अनुभव साहित्याच्या कक्षेत येतात या जाणिवेची, आणि ती आपण, म्हणजे परिषदांनी, नियतकालिकांनी व शिक्षकांनी, निर्माण करावयाची आहे.

यास थोडी निकडही आहे. ज्या कलेने रामकृष्णन यांनी यश मिळविले ती स्फटिकांची कला आज मागे पडत चालली आहे. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनास 2017 साली, आणि गणकयंत्राच्या साहाय्याने प्रथिनांच्या रचनांचे भाकीत करण्याच्या कार्यास 2024 साली नोबेल पारितोषिक मिळाले. वर्षानुवर्षांच्या खटपटीने जी आकृती हाती येई तिचा अंदाज आता काही वेळा घटकेत बांधता येतो. ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु आकृती हाती आली म्हणून तिच्यासाठी झालेल्या धडपडीची कथा आपोआप हाती येत नाही. ती कोणीतरी लिहावी लागते, आणि ज्यांनी धडपड केली ते हयात असताना लिहावी लागते.

वाघोडियाच्या त्या शिक्षकमित्रांस आता आमचे उत्तर असे: हे पुस्तक तुमचे आहे, कारण त्यात रायबोसोमची रचना आहे; आणि ते आमचेही आहे, कारण चाळिशीला आलेला एक मनुष्य पुन्हा विद्यार्थी होऊन बसला, त्याचे मन त्यात आहे. त्याच्या उणिवा आम्ही दाखविल्या त्या ते साहित्य म्हणून वाचल्यामुळेच. तुमच्या वर्गातील एखादा विद्यार्थी उद्या कोठल्याशा प्रयोगशाळेत जाईल. त्यास विज्ञान तुम्ही शिकवाल. आपली हकीकत आपल्या भाषेत लिहिता येते आणि ती ऐकण्यास माणसे उत्सुक आहेत, एवढे त्यास सांगण्याचे काम आपण दोघे मिळून करू या.